टक्केवारी छापतात, प्रश्न छापत नाहीत

नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत एका रात्रीत शेकडो सिनेगॉग पेटवली गेली, ज्यूंची दुकानं फोडली गेली, आणि पुढच्या काही दिवसांत सुमारे तीस हजार ज्यू पुरुषांना पकडून छळछावण्यांत डांबलं गेलं. बातम्या अमेरिकेत पोचल्या. त्याच महिन्यात गॅलप या संस्थेने अमेरिकी लोकांना विचारलं, नाझी लोक ज्यूंना जसं वागवताहेत ते तुम्हाला पटतं का? शंभरातले ९४ जण म्हणाले, नाही पटत. आणखी एक प्रश्न होता: जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यूंना अधिक संख्येने अमेरिकेत राहायला येऊ द्यावं का? ७२ जण म्हणाले, नको. हो म्हणणारे २१.

आता समजा तुम्ही त्या काळच्या एखाद्या वर्तमानपत्राचे संपादक आहात. पहिल्या उत्तरावरून मथळा होईल, ‘ज्यूंच्या छळाने अमेरिकी जनता संतप्त’. दुसऱ्यावरून होईल, ‘ज्यूंना जागा देण्यास अमेरिकी जनतेचा नकार’. दोन्ही मथळे खरे. पण ज्याच्या हाती फक्त एकच लागला, त्याच्या मनात अमेरिकेचं जे चित्र तयार होईल ते अर्धंच असेल.

आश्रय मागणाऱ्या माणसांबद्दल ‘लोकांना काय वाटतं’ हे सांगणारे आकडे आजही रोज छापून येतात. कधी ब्रिटनचे, कधी अमेरिकेचे, कधी आपल्याकडचे. त्यांच्या जोरावर कायदे होतात, माणसं परत पाठवली जातात. म्हणून हा आकडा तयार कसा होतो, हे समजून घेणं मला फार गरजेचं वाटतं. वडोदऱ्यात मी अनेक वर्षं विद्यार्थ्यांना सर्वेक्षणाची पद्धत शिकवली. त्यात सगळ्यात अवघड काय गेलं असेल, तर ते गणित नव्हे. प्रश्न लिहिणं.

आधी संज्ञा पाहू. जिवाच्या भीतीने स्वतःचा देश सोडून दुसऱ्या देशाकडे संरक्षण मागणारा तो आश्रयार्थी. त्याचा अर्ज तपासून मान्य झाला की कायद्याच्या भाषेत तो निर्वासित. कामधंद्यासाठी देश बदलणारा तो स्थलांतरित. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात निर्वासित कोणाला म्हणायचं ते ठरवून दिलं आहे: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची रास्त भीती ज्याला आहे तो. भारताने त्या करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे रोजच्या बोलण्यात निर्वासित, शरणार्थी, विस्थापित, घुसखोर हे शब्द एकमेकांत मिसळून गेलेले असतात. कोण कोणता वापरेल हे बहुधा बोलणाऱ्याच्या मनःस्थितीवर ठरतं.

सर्वेक्षणाची पहिली अडचण इथेच सुरू होते. वडोदऱ्यातल्या वारसियात फाळणीनंतर सिंधी कुटुंबं येऊन वसली. आज तिथल्या दुकानदाराला कोणी निर्वासित म्हणत नाही, तो बडोद्याचाच. पण दांडिया बाजारातल्या एखाद्या ऐंशीच्या घरातल्या आजोबांना ‘निर्वासितांना जागा द्यावी का?’ असं विचारा, त्यांच्या डोळ्यांसमोर वारसिया उभं राहील. त्यांच्या नातवाला तोच प्रश्न विचारा, त्याच्या डोळ्यांसमोर काल रात्री फोनवर पाहिलेला कुठल्या तरी सीमेवरचा व्हिडिओ येईल. प्रश्न एकच, पण दोघं दोन वेगळ्या माणसांबद्दल उत्तर देताहेत. आपण मात्र दोन्ही उत्तरं एकाच रकान्यात टाकून बेरीज करतो.

‘नको’ आणि ‘बंदी’

शब्दांच्या ताकदीचा एक जुना आणि अगदी साधा पुरावा १९४० सालचा आहे. डोनाल्ड रग या संशोधकाने अमेरिकेत लोकांचे दोन सारखे गट केले. एका गटाला विचारलं, लोकशाहीविरोधी जाहीर भाषणांना परवानगी द्यावी का? दुसऱ्याला विचारलं, अशा भाषणांवर बंदी घालावी का? तर्काने पाहिलं तर दोन्ही एकच आहे. परवानगी नाही म्हणजे बंदी. पण पहिल्या गटात ६२ टक्के लोक म्हणाले, परवानगी देऊ नये. दुसऱ्या गटात बंदी घालावी म्हणणारे फक्त ४६ टक्के. मधले सोळा टक्के एका शब्दाने इकडचे तिकडे झाले. ‘बंदी’ म्हटलं की माणूस बिचकतो, आपण कोणावर तरी हात उगारतोय असं त्याला वाटतं. ‘परवानगी देऊ नये’ म्हणताना हात मागेच राहतो, म्हणून ते सोपं जातं.

हे आश्रयाच्या प्रश्नाला लावून बघा. ‘आणखी आश्रयार्थींना प्रवेश द्यावा का?’ आणि ‘आश्रयार्थींच्या प्रवेशावर बंदी घालावी का?’ ज्याला विरोध जास्त दाखवायचा आहे तो पहिला प्रश्न निवडेल, कमी दाखवायचा असेल तर दुसरा. आणि तो खोटं बोलतोय असं म्हणायची सोय राहणार नाही.

विशेषणं तर याहून जोरकस. ब्रिटनमध्ये इंग्लिश खाडी छोट्या बोटींतून ओलांडून येणाऱ्यांबद्दल विचारताना कधी ‘बेकायदा आलेले’ म्हणतात, कधी ‘आश्रय मागायला आलेले’. वास्तविक १९५१ च्या करारात स्पष्ट तरतूद आहे की धोका असलेल्या ठिकाणाहून थेट आलेल्या आणि लगेच स्वतःहून अधिकाऱ्यांसमोर हजर झालेल्या निर्वासिताला केवळ बेकायदा प्रवेशासाठी शिक्षा करू नये. पळून येणाऱ्याकडे व्हिसा नसतो, हे करार लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. ‘बेकायदा’ हा शब्द प्रश्नात आला की निम्मा निकाल उत्तर देण्याआधीच लागलेला असतो.

एक विद्यार्थिनी सरावाच्या प्रश्नावल्या घेऊन दांडिया बाजारातल्या एका वाड्यात गेली होती, मी तिच्याबरोबर होते. ओट्यावर एक मावशी भाजी निवडत बसल्या होत्या. मुलीने विचारलं, “मावशी, पाकिस्तानात धर्मामुळे छळ झालेलं एखादं कुटुंब आपल्या शहरात आलं, तर त्यांना राहू द्यावं का?”

“द्यावं की. बिचारे जाणार कुठे?”

चार प्रश्न मधे गेले. मग कागदावरचा पुढचा प्रश्न आला: “बाहेरच्या देशातून कागदपत्रांशिवाय येऊन राहिलेल्या लोकांना सरकारने इथं राहू द्यावं का?”

मावशींनी मेथीची जुडी खाली ठेवली. “मुळीच नाही. आपल्या पोरांना इथं नोकऱ्या नाहीत, अन् ह्यांना कुठून देणार?”

परत येताना मुलगी अस्वस्थ होती. “मॅडम, मावशींचं खरं मत कोणतं लिहू?” मी तिला म्हटलं, दोन्ही लिही. कारण मावशींच्या बोलण्यात विसंगती नव्हती. विसंगती असलीच तर ती आपल्या दोन प्रश्नांत होती. छळ सोसून रातोरात निघालेल्या कुटुंबाकडे पुष्कळदा धड कागद नसतात, तेव्हा एकच कुटुंब दोन्ही प्रश्नांत बसू शकतं. मावशींच्या मनात कणवही आहे आणि पोरांच्या नोकरीची चिंताही. पहिल्या प्रश्नाने कणवेला साद घातली, दुसऱ्याने चिंतेला. त्यांतलं एक खोटं आणि एक खरं असं ठरवायला बसलो, तर आपण मावशींना समजून घेण्याचं काम सोडून देतो.

किंमत प्रश्नातच सांगितली तर

प्रश्नाला जोडलेलं एक वाक्य काय करतं, हे २००३ साली इराक युद्धाच्या तोंडावर प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या सर्वेक्षणात दिसलं. सद्दाम हुसेनची राजवट संपवण्यासाठी लष्करी कारवाईला पाठिंबा आहे का, असं विचारल्यावर ६८ टक्के हो म्हणाले. त्यालाच ‘अमेरिकेचे हजारो सैनिक हताहत झाले तरीही?’ एवढी पुस्ती जोडली, तर पाठिंबा ४३ टक्क्यांवर आला. कोणी खोटं बोललं नाही. किंमत डोळ्यांसमोर आणली की उत्तर बदललं, एवढंच.

आश्रयाच्या बाबतीत ही किंमत बहुतेक वेळा एकाच बाजूची सांगितली जाते. ‘कर वाढले तरीही’, ‘घरांची टंचाई झाली तरीही’ अशी पुस्ती येते. ‘परत पाठवल्यावर त्यांना तुरुंगात टाकलं गेलं तरीही’ अशी पुस्ती मी क्वचितच पाहिली आहे. १९३८ च्या उन्हाळ्यात ‘फॉर्च्यून’ मासिकासाठी झालेल्या सर्वेक्षणात जर्मनी-ऑस्ट्रियातून येणाऱ्या राजकीय निर्वासितांबद्दल विचारलं होतं. उत्तराच्या पर्यायांपैकी एक असा: सध्याची परिस्थिती पाहता त्यांना बाहेरच ठेवण्याचा प्रयत्न करावा. दर तिघांतल्या दोघांनी हा पर्याय निवडला. मंदीचे दिवस होते, बेकारी प्रचंड होती, तेव्हा लोकांची काळजी खरीच होती. पण ‘सध्याची परिस्थिती पाहता’ हे चार-दोन शब्द नकाराचं कारणही हातात ठेवत होते. आत घ्यावं म्हणणाऱ्या पर्यायांना असं तयार कारण दिलेलं नव्हतं.

याच्या अगदी उलटी चूकही होते: महत्त्वाची गोष्ट वगळण्याची. ब्रिटिश सरकारने २०२२ मध्ये काही आश्रयार्थींना रवांडाला पाठवण्याची योजना जाहीर केली. २०२३ च्या नोव्हेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली आणि २०२४ मध्ये नव्या सरकारने ती गुंडाळली. त्या योजनेत माणसाचा अर्ज रवांडातच तपासला जाणार होता आणि मंजूर झाला तरी त्याला ब्रिटनमध्ये परत यायचं नव्हतं, तिथेच राहायचं होतं. ‘अर्ज तपासेपर्यंत त्यांना दुसऱ्या देशात ठेवावं का?’ असं कोणी विचारलं आणि हा शेवटचा तपशील सांगितलाच नाही, तर जे उत्तर मिळेल ते त्या योजनेबद्दल नसेलच. लोक ज्या गोष्टीला हो म्हणाले ती गोष्ट सरकार करणारच नव्हतं.

माहीत नसलेल्या गोष्टीवर लोक मत देतात का? देतात. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटी भागात संशोधकांनी ‘पब्लिक अफेअर्स ॲक्ट’ नावाच्या कायद्याबद्दल लोकांचं मत विचारलं. असा कायदाच नव्हता. तरी जवळपास एक तृतीयांश लोकांनी बाजूने किंवा विरोधात मत दिलं. मी त्यांना हसणार नाही. घरी आलेल्या माणसाने वही-पेन घेऊन काही विचारलं, तर ‘मला माहीत नाही’ म्हणायला आपल्यालाही कमीपणा वाटतो. उपाय साधा आहे: ‘यावर मी अजून मत बनवलेलं नाही’ हा पर्याय प्रश्नातच मोकळेपणाने द्यायचा. तो दिला की साधारण पाचातला एक माणूस तिकडे वळतो, असं हॉवर्ड शूमन आणि स्टॅन्ली प्रेसर यांच्या अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे पर्याय दिलाच नाही, तर त्या पाचव्या माणसाचं ‘मत’ आपण तयार करून आकड्यात मिसळतो.

‘सहमत आहात का?’

या पद्धतीच्या प्रश्नावर माझा फारसा विश्वास नाही. एक विधान वाचून दाखवायचं आणि सहमत की असहमत ते विचारायचं. सोपं, झटपट, स्वस्त. पण माणसाला समोरच्याची री ओढायची सवय असते, त्यात आपल्या घरांत तर आलेल्याला तोंडावर ‘नाही’ म्हणणं असभ्य समजतात. शूमन-प्रेसर यांनी एका गटाला विधान दिलं की गुन्हेगारीला सामाजिक परिस्थितीपेक्षा व्यक्ती जास्त जबाबदार आहेत. बहुसंख्य सहमत. दुसऱ्या गटाला नेमकं उलटं विधान दिलं, की व्यक्तींपेक्षा परिस्थिती जास्त जबाबदार आहे. तिथेही बहुसंख्य सहमत.

इप्सॉस ही संस्था जागतिक निर्वासित दिनाच्या सुमारास, म्हणजे २० जूनच्या आसपास, अनेक देशांत एक सर्वेक्षण प्रसिद्ध करते. २०२२ मध्ये त्यात तीन चतुर्थांशाहून अधिक लोक या विधानाशी सहमत होते, की युद्ध किंवा छळातून सुटण्यासाठी माणसाला दुसऱ्या देशात, आपल्या देशातही, आश्रय घेता यायला हवा. त्याच सर्वेक्षणात एक तृतीयांशाहून अधिक लोक या विधानाशीही सहमत होते, की आपल्या देशाने निर्वासितांसाठी सीमा पूर्ण बंद कराव्यात. आता जरा हिशोब करा. पाऊण आणि एक तृतीयांश यांची बेरीज एकाहून जास्त होते. म्हणजे काही माणसं तरी अशी असणारच, ज्यांनी दोन्ही विधानांना मान डोलावली. आश्रयाचा हक्क हवा आणि सीमाही पूर्ण बंद हवी! या माणसांना कोणता पक्ष आपल्या बाजूला मोजणार? दोन्ही मोजतात. एक पक्ष पहिला आकडा घेऊन उभा राहतो, दुसरा दुसरा.

त्याच सर्वेक्षणातलं आणखी एक विधान असं आहे, की निर्वासित म्हणून येऊ पाहणारे बहुतेक परदेशी खरे निर्वासित नसतात. ते आर्थिक कारणांसाठी किंवा सरकारी मदतीचा फायदा घ्यायला येतात. यात किमान तीन दावे आहेत. एखाद्याला वाटत असेल की बरेचजण कमाईसाठी येतात पण फुकट मदतीसाठी नाही, तर त्याने काय उत्तर द्यायचं? अशा प्रश्नाला आम्ही वर्गात जोडप्रश्न म्हणायचो, आणि तो दिसला की प्रश्नावली परत करायचो.

आधी काय विचारलं, यावरही खूप काही अवलंबून असतं. १९४८ मध्ये, शीतयुद्धाच्या सुरुवातीला, अमेरिकी लोकांना विचारलं गेलं की रशियातल्या कम्युनिस्ट बातमीदारांना अमेरिकेत येऊन इथल्या बातम्या पाठवू द्याव्यात का? हा प्रश्न आधी आला तेव्हा हो म्हणणारे एक तृतीयांशाच्या थोडे वर होते. त्याआधी ‘अमेरिकी बातमीदारांना रशियात जाऊ द्यावं का?’ असं विचारलेलं असलं, तर हो म्हणणारे ७३ टक्के झाले. आपल्या माणसाला जे हवं, ते दुसऱ्याला नाकारताना जीभ अडखळते.

गुजरातमध्ये हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. इथल्या किती घरांतली मुलं परदेशात आहेत हे कोणाला सांगायला नको. जानेवारी २०२२ मध्ये गांधीनगर जिल्ह्यातल्या डिंगुचा गावचं चौघांचं कुटुंब कॅनडातून अमेरिकेत शिरताना बर्फात गोठून मेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने लष्करी विमानातून परत पाठवलेल्या १०४ भारतीयांच्या पहिल्या तुकडीत ३३ जण गुजरातचे होते. अमेरिकेत आश्रयाचे अर्ज करणाऱ्यांत आपलीही माणसं असतात. आधी विचारा, ‘तिकडे गेलेल्या भारतीयांचा आश्रयाचा अर्ज नीट ऐकून घेतला जावा का?’ आणि मग विचारा, ‘भारतात आलेल्या परदेशी माणसाचा अर्ज नीट ऐकून घेतला जावा का?’ माझा अंदाज आहे की १९४८ सारखाच फरक पडेल. क्रम उलटा केला तर काय होईल, तेही तितकंच बघण्यासारखं.

आपल्याकडचा सर्वांत तापलेला विषय नागरिकत्वाचा. २८ मे २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने ज्या तेरा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या बिगर-मुस्लिम अल्पसंख्याकांच्या नागरिकत्वाच्या अर्जांवर निर्णय घ्यायचे अधिकार दिले, त्यांत वडोदरा होतं. ती अधिसूचना जुन्या कायद्याखालची होती. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. या दुरुस्तीवर मत विचारायचं झालं तर एक प्रश्न असा होईल: शेजारच्या देशांत धर्मामुळे छळ सोसलेल्या अल्पसंख्याकांना भारताने नागरिकत्व द्यावं का? दुसरा असा: कोणाला नागरिकत्व द्यायचं हे धर्मावरून ठरवावं का? कायदा एकच, पण एका प्रश्नात फक्त छळ दिसतो आणि दुसऱ्यात फक्त निकष. मला विचाराल तर एकटा कुठलाच प्रश्न प्रामाणिक नाही. दोन्ही विचारावेत आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापावेत. त्यात आपल्या देशात आणखी एक गोष्ट असते: विचारणाऱ्याचं आडनाव. दारात आलेल्या मुलीने नाव सांगितलं की घरातला माणूस मनातल्या मनात जोखतो, आणि या विषयावर तरी उत्तर त्याप्रमाणे थोडं सरकतं.

इतकं वाचून कोणी म्हणेल, म्हणजे सर्वेक्षण म्हणजे सगळी बनवाबनवीच. नाही, हे मला मान्य नाही. जानेवारी १९३९ मध्ये गॅलपने विचारलं की जर्मनीतली दहा हजार निर्वासित मुलं, त्यांतली बहुतेक ज्यू, आणून अमेरिकी घरांत ठेवायची सूचना आहे. सरकारने त्यांना येऊ द्यावं का? ६१ टक्के म्हणाले, नको. दुसऱ्या गटाला ज्यू असल्याचा उल्लेख न करता जवळपास तोच प्रश्न विचारला. तिथेही साठाहून अधिक टक्के लोकांनी नकारच दिला. शब्द बदलले, तरी नकार टिकला. असं वेगवेगळ्या तऱ्हेने विचारूनही उत्तर एकाच बाजूला पडत असेल तर ते खरं मानावं, कितीही कटू असलं तरी. दोन वर्षांत वीस हजार मुलांना येऊ देणारं वॅग्नर-रॉजर्स विधेयक त्या वर्षी अमेरिकी काँग्रेसमध्ये अडकून मेलं. ब्रिटनने त्याच काळात सुमारे दहा हजार मुलं आणली. आणि चार-पाच वर्षांनी कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली, तर त्याआधी जामनगरजवळ बालाचडीला नवानगर संस्थानचे राजे जामसाहेब यांनी पोलिश मुलांना ठेवून घेतलं होतं. तिथे कोणी टक्केवारी काढली नव्हती.

सारखेच शब्द वापरून वर्षानुवर्षं विचारलेल्या प्रश्नाचा कलही भरवशाचा असतो. प्रश्न थोडा वाकडा असला, तरी दर वर्षी तेवढाच वाकडा असतो. त्यामुळे उत्तर वर गेलं की खाली आलं ते खरंच कळतं. घोळ होतो तो गेल्या वर्षीच्या एका संस्थेच्या प्रश्नाची यंदाच्या दुसऱ्या संस्थेच्या वेगळ्या प्रश्नाशी तुलना करून ‘जनमत फिरलं’ असं छापल्यावर.

चांगल्या पद्धतीही आहेत. २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. पंधरा युरोपीय देशांतल्या अठरा हजार मतदारांना ‘आश्रयार्थी हवेत का?’ असं सरसकट विचारण्याऐवजी काल्पनिक माणसांच्या जोड्या दाखवल्या: वय, व्यवसाय, धर्म, पळून येण्याचं कारण, सांगितलेल्या हकिगतीत किती विसंगती. यांतल्या कोणाला आश्रय द्याल? अशा सुमारे एक लाख ऐंशी हजार व्यक्तिचित्रांवरची उत्तरं जमली. त्यातून दिसलं की कामधंदा करू शकणारे, जास्त हाल सोसलेले आणि सुसंगत हकिगत सांगणारे यांना लोक झुकतं माप देतात. आणि मुस्लिमांपेक्षा ख्रिश्चनांनाही. शेवटची गोष्ट सरळ विचारली असती, तर किती जणांनी कबूल केली असती? लोकांना हो-नाहीच्या चिमट्यात न पकडता निवड करायला लावली, की मतातली गुंतागुंत बाहेर येते.

मतदानाच्या प्रश्नाची तरी काही देशांत आधी परीक्षा घेतात. स्कॉटलंडच्या २०१४ च्या सार्वमतासाठी सरकारने सुचवलेला प्रश्न होता, स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा याच्याशी तुम्ही सहमत आहात का? निवडणूक आयोगाने तो लोकांवर तपासून पाहिला आणि ‘सहमत आहात का’ काढून टाकायला लावलं, कारण ते शब्द हो म्हणायला ढकलत होते. उरला तो साधा प्रश्न: स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?

एका शब्दाचं वजन किती, हे आश्रयाच्या हक्काच्या मूळ मसुद्यातही दिसतं. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्याच्या चौदाव्या कलमाच्या मसुद्यात छळापासून दुसऱ्या देशात आश्रय मागण्याचा आणि ‘मिळण्याचा’ हक्क होता. ब्रिटनच्या दुरुस्तीनंतर तो मागण्याचा आणि ‘उपभोगण्याचा’ हक्क झाला. म्हणजे दिला तर उपभोगा. देण्याचं बंधन कोणावर नाही. त्याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारा शब्द बदलून ‘सर्व मानव’ करायला लावलं ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. पुढच्याच वर्षी त्या वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. इथल्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. ज्या शहराच्या विद्यापीठाने अशा बाईंच्या हाताखाली सुरुवात केली, तिथल्या विद्यार्थ्यांनी प्रश्नातला शब्द न् शब्द तपासावा, हा माझा आग्रह जास्त नव्हता असं मला वाटतं.

ब्रिटिश पोलिंग कौन्सिलच्या सदस्य संस्थांना प्रश्नाचे नेमके शब्द जाहीर करावेच लागतात. आपल्या वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर टक्केवारी मोठ्या अक्षरांत असते, प्रश्न बहुधा नसतोच. दिल्लीत एका भाषेत लिहिलेली प्रश्नावली गुजरातीत येते आणि दांडिया बाजारातलं मराठी घर तिला गुजरातीतच उत्तर देतं; वाटेत ‘आश्रय मागणारा’चा ‘घूसणखोर’ झाला की नाही हे बातमी वाचणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. म्हणून असा आकडा दिसला की मी त्या संस्थेच्या संकेतस्थळावर प्रश्नावली शोधते. पूर्ण प्रश्न, सगळे पर्याय, त्याच्या आधीचे दोन-तीन प्रश्न आणि ‘मत नाही’ म्हणणारे किती, एवढं वाचते. सापडलं तर आकडा वर्गात वापरते, प्रश्नासकट फळ्यावर लिहून. नाही सापडलं तर तो आकडा मी पुढे कोणालाही सांगत नाही, माझ्या मताला तो कितीही सोयीचा असला तरी.